अजून नाही

परवा एका वाचक भगिनीचं पत्र आलं. सासूबाईंच्या मागे घरात पितळेचा पानाचा डबा राहिला आहे, पान आता कुणी खात नाही, मोडीत घालायला मन होत नाही, तर त्याचं काय करावं, असं तिने विचारलं आहे. डबा चिंचेच्या कोळाने आणि मिठाने घासा, उन्हात खडखडीत वाळवा आणि त्यात शिवणाचं सामान ठेवा. सुपारीच्या कप्प्यात बटणं, चुन्याच्या डबीत टाचण्या, अडकित्त्याच्या जागी कात्री. माझ्या आईने असंच केलं आहे आणि डबा रोज वापरात आहे. चुन्याच्या डबीत मात्र आधी दोन तास लिंबाचं पाणी घालून ठेवा, म्हणजे जुना चुना सुटतो. नखाने खरवडायला जाऊ नका, बोटं सोलवटतात.

हे लिहिता लिहिता मला दुसरंच एक चुन्याचं भांडं आठवत होतं. त्याला लिंबाचं पाणी लावायला त्याची मालकीण जन्मात तयार होणार नाही. ते आपल्याकडचं नव्हे, व्हिएतनाममधल्या एका खेड्यातलं आहे. आज त्याचीच हकीगत सांगते. आवळ्याच्या सरबताची कृती पुढच्या अंकात नक्की.

गेल्या मार्चमध्ये आमचं तिकडे जाणं झालं. यांचा काजूचा लहानसा कारखाना आहे, आणि काजू फोडायची यंत्रं हल्ली व्हिएतनामहूनही येतात. काम होतं दक्षिणेकडे. ते आटोपल्यावर ‘एवढं आलोच आहोत तर’ म्हणून उत्तरेला हनोईत तीन दिवस काढले. तिसऱ्या दिवशी यांचं पोट बिघडलं, हे हॉटेलात झोपून राहिले, आणि गाडीचे पैसे भरलेले म्हणून मी एकटीच दुभाषी मुलीबरोबर निघाले. कोकणातल्या बाईने परदेशात एकटीने हिंडावं, याचं सासूबाईंना फोनवरून फार कौतुक वाटलं. (काळजीही वाटली असणार, पण ती त्यांनी मुलाच्या पोटाबद्दल दाखवली.)

गाडीत बसल्याबरोबर त्या मुलीने पहिला प्रश्न विचारला तो माझ्या वयाचा. मी जरा चपापले. पण त्यांच्या बोलण्याची रीतच तशी आहे. ‘मी’ आणि ‘तू’ असे कुणाशीही सरसकट चालणारे शब्द त्यांच्याकडे जवळजवळ नाहीतच. समोरचं माणूस नात्याने कोण लागलं असतं हे ठरल्याशिवाय वाक्य पुढे सरकत नाही. मी छत्तीसची, ती सव्वीसची. म्हणून मी तिची ‘ची’, म्हणजे ताई, आणि ती स्वतःला म्हणणार ‘एम’, म्हणजे धाकटी. आजीच्या वयाच्या बाईला ‘बा’. पणजीच्या वयाची असेल तर ‘कू’. त्यात पुन्हा सूर सांभाळायचा. ‘बा’ खाली उतरत्या सुरात म्हटलं तर आजी, आणि सपाट म्हटलं तर तीन! मी तासभर प्रयत्न केला आणि तासभर तीनच म्हणत राहिले.

मग मुलं किती? एक, मुलगा, नऊ वर्षांचा. दुसरं? मी म्हटलं, नाही. ती हसली. म्हणाली, “ताई, आमच्याकडे अशा वेळी ‘नाही’ म्हणत नाहीत. ‘चुआ’ म्हणायचं.” चुआ म्हणजे अजून नाही. जेवलीस का? चुआ. लग्न झालं का? चुआ. साठीला टेकलेली बिनलग्नाची बाई असली तरी ती ‘चुआ’च म्हणेल. दार आपल्या हाताने कशाला लावून घ्यायचं? मला गंमत वाटली. आमच्या आळीतल्या बायकांना द्यायला हे उत्तर बरं आहे, असंही मनात आलं.

आम्ही जात होतो ते गाव दुओंग लाम. हनोईच्या पश्चिमेला पन्नासेक किलोमीटरवर, सोन ताय शहराच्या जवळ. जुनी घरं जशीच्या तशी राहिली म्हणून २००५ साली सरकारने हे गाव राष्ट्रीय वारसा म्हणून जाहीर केलं. वेशीवर कमान, कमानीशेजारी मोठा वड. आत शिरले आणि थबकलेच. भिंती जांभ्याच्या! आपल्याकडे रत्नागिरीत चिऱ्याचे गडगे असतात ना, तोच तांबूस, भोकाभोकांचा दगड. त्यांच्या भाषेत त्याला मधमाशीचा दगड म्हणतात, पोळ्यासारखी भोकं म्हणून. अंगणात मातीचे मोठाले रांजण, त्यात सोयाबीनची चटणी महिनोन्‌महिने मुरत पडलेली. दारात शेंगदाण्याची चिक्की विकायला मांडलेली. आणि परसात पोफळी, पोफळीवर चढवलेली नागवेल. जवळजवळ साडेतीन हजार किलोमीटर दूर येऊन मी माहेरच्या आगरात उभी!

तिकडे मार्चमध्ये पाऊस पडत नाही, नुसती ओली भुरभुर चालू असते. छत्री उघडली तर वेड्यासारखं वाटतं आणि न उघडली तर केस भिजतात. आम्ही एका दारच्या वळचणीला उभ्या राहिलो, तर आतून हाक आली. ओसरीवर चटईवर एक आजी बसल्या होत्या. तपकिरी झब्ब्यासारखा सदरा, केस काळ्या मखमलीच्या पट्टीत गुंडाळून डोक्याभोवती वळलेले, आणि हसल्या तेव्हा दात काळेभोर. किडलेले नव्हेत बरं का, काळे. घासून चकचकीत केलेल्या शिसवीसारखे.

बसायला सांगितलं आणि पहिली गोष्ट पुढे केली ती पानाची. तिकडे बोलण्याची सुरुवात पानाने करायची पद्धत होती. लग्न ठरवायला मुलाकडचे जातात तेव्हा आजही पान आणि सुपारीचे घड न्यावेच लागतात. त्यांच्या विड्यात कात नाही, बडीशेप-वेलची नाही, गुलकंद तर नाहीच. पान, ओली सुपारी, चुना आणि एका झाडाच्या सालीचा तुकडा. आजींचे दात दिसायला शाबूत असले तरी चावायचं बळ राहिलेलं नाही, म्हणून त्या पितळेच्या लहानशा खलात विडा कुटून घेतात. तो खल, ती ठक ठक… माझी पणजी अगदी असाच विडा कुटायची.

मी पान घेतलं, चुना टोकाला लावला, सुपारी हळूच बाजूला ठेवली. आमच्या घरी स्वतःच्या पोफळी आहेत, तरीही सांगते: सुपारी, तंबाखूशिवायची साधी सुपारीसुद्धा, कर्करोगाला कारण होते, असा निर्वाळा जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने २००४ साली दिला आहे. पाहुणचाराचा मान राखण्यासाठी पान पुरतं.

आजींनी माझं वय विचारलं, मग मला ‘च्याउ’ केलं, म्हणजे नात. त्या स्वतः एक्याण्णव वर्षांच्या, पण त्या ब्याण्णव सांगतात, कारण जुन्या पद्धतीने आईच्या पोटातलंही वर्ष धरायचं असतं. (ही पद्धत मला फार न्यायाची वाटली.) मी दातांकडे बघते आहे हे त्यांच्या ध्यानात आलं. तेराव्या वर्षी दात काळे केले, म्हणाल्या. शहरातल्या मुलींनी तोवर ती रीत सोडली होती, फ्रेंचांच्या राज्यात पांढऱ्या दातांची फॅशन आली होती. पण खेड्यात पांढऱ्या दातांच्या मुलीला हसत. पांढरे दात कुत्र्याचे नाहीतर भुताचे! लाख लिंबाच्या रसात भिजवायची, पानाच्या पट्टीवर फासायची आणि रात्री ती पट्टी दातांवर बसवून झोपायचं. असे कितीतरी दिवस. मग वरून हिराकसासारखं लोखंडी औषध, त्याने रंग काळा होतो. तेवढे दिवस गरम काही नाही, कडक काही नाही, गार पेज नुसती गिळायची. ओठ सुजत. “आई रात्री उठून बघायची, माझं तोंड मिटलं तर नाही ना,” आजी म्हणाल्या. पूर्वी आपल्याकडेही बायका दातवण लावून दात काळे करीत, हे मी माझ्या आजीच्या तोंडून ऐकलेलं होतं. मी ते सांगितलं तर त्यांनी माझा हात हातात घेतला आणि दुभाषी मुलीला म्हणाल्या, “बघ, हिच्या घरचे लोक शहाणे होते.”

आत मधल्या खोलीत पूर्वजांचं देवघर. प्रत्येक घरात असतंच ते. उदबत्त्यांचं भांडं, फळं, पाण्याचे पेले आणि फोटो. सासऱ्यांचा, सासूचा, नवऱ्याचा. आणि एका कोपऱ्यात कोवळ्या पोराचा, फोटोवरून रंगवून घेतलेला. भिंतीवर लाल-सोनेरी किनारीचं मानपत्र होतं. ‘मातृभूमी ऋणी आहे’ अशा अर्थाचं त्यावर लिहिलेलं असतं. युद्धात मुलगा गेलेल्या घरांना ते मिळतं. दुभाषी मुलगी एकदम हळू बोलायला लागली.

तो आजींचा थोरला. जन्म १९५३चा. १९७१च्या हिवाळ्यात, अठराव्या वर्षी, सैन्यात गेला. एक पत्र आलं, वाटेवरून लिहिलेलं. पुढे काही नाही. १९७५ साली, ३० एप्रिलला, युद्ध संपलं. गावातली काही मुलं परत आली. त्यानंतर कधीतरी कागद आला. ‘दक्षिणेच्या आघाडीवर वीरमरण, १९७२.’ दिवस नाही, जागा नाही. त्याच्या तुकडीतला एक जण नंतर येऊन सांगून गेला की क्वांग त्रिला होता.

क्वांग त्रि म्हणजे तेव्हाचा, उत्तर आणि दक्षिण व्हिएतनामच्या जुन्या सीमेच्या लगेच खालचा प्रांत. तिथल्या जुन्या किल्ल्यासाठी १९७२ साली २८ जूनपासून १६ सप्टेंबरपर्यंत, असे ८१ दिवस लढाई चालली. वरून अमेरिकेची विमानं. किल्ल्याशेजारून थाक हान नदी वाहते, उत्तरेची मुलं ती नदी ओलांडून किल्ल्यात कुमक म्हणून जायची. कित्येक नदीतच राहिली. अजूनही दर वर्षी २७ जुलैला, हुतात्म्यांच्या दिवशी, लोक तिथे नदीत दिवे आणि फुलं सोडतात.

मी विचारलं, मग त्याचं काही सापडलं का? दुभाषी मुलीने विचारलं. आजींनी खलातून मान वर न करता उत्तर दिलं, आणि ते मला भाषांतराशिवाय कळलं.

“चुआ.”

सकाळी गाडीत ज्या शब्दाला मी हसले होते तोच हा शब्द. पुढे मला समजलं की सरकारी दफनभूमीतल्या बिननावाच्या थडग्यांवरही वर्षानुवर्षं हाच शब्द कोरला जात असे. ‘हुतात्मा, नाव अजून कळलेलं नाही.’ अज्ञात असं नव्हे. अजून कळलेलं नाही.

किती असतील असे? व्हिएतनाम सरकारच्या हिशेबात हुतात्मे अकरा लाखांहून अधिक. त्यांतल्या सुमारे दोन लाखांचे अवशेषच मिळालेले नाहीत, आणि सुमारे तीन लाख पुरलेले आहेत पण कोण कुठला ते माहीत नाही. क्वांग त्रिमधल्या त्रुओंग सोन नावाच्या एकाच दफनभूमीत दहा हजारांच्या वर थडगी आहेत. अमेरिकेचे त्या युद्धातले अजून बेपत्ता असलेले सैनिक सुमारे दीड हजार. त्यांना शोधायला गेली कित्येक वर्षं अमेरिकेची माणसं येतात आणि व्हिएतनामची माणसं त्यांना मदत करतात. व्हिएतनामची मुलं शोधायला मदत करण्याचा अमेरिकेचा करार झाला तो २०२१ साली. आणि दक्षिणेच्या सैन्यात मेलेली पोरं तर वरच्या कुठल्याच हिशेबात नाहीत. त्यांनाही आया होत्याच.

युद्धात मुलं गमावलेल्या आणि ठरलेल्या नियमात बसणाऱ्या आईला तिकडे १९९४पासून ‘वीरमाता’ असा किताब देतात. न्ग्वेन थी थू नावाच्या एका आईचे नऊ मुलगे, एक जावई आणि दोन नातवंडं युद्धांत गेली. तिच्या चेहऱ्यावरून ताम की इथे डोंगराएवढं स्मारक केलं, ते २०१५ साली खुलं झालं. ती स्वतः २०१० साली गेली, शंभरी उलटून. दुओंग लामच्या आजींना हा किताब नाही. त्यांच्या चार मुलांतला एकच गेला, तो नियमात बसत नाही. याचा त्यांना राग नाही. उलट त्या म्हणाल्या, देवाची कृपा की बसत नाही. स्मारकाचा फोटो मी नंतर पाहिला. मोठं आहे. पण मला त्या कुठल्याही नियमात न बसणाऱ्या आयाच जास्त दिसतात, चारांतल्या एकाच्या.

आता ते भांडं. देवघराच्या खाली, जमिनीवर, नारळाएवढं मातीचं भांडं होतं, वर मूठ असलेलं. चुन्याचं. आजींच्या सासूच्या सासूच्या वेळचं. तिकडे घरातल्या चुन्याच्या भांड्याला आजोबांसारखा मान असतो. वर्षानुवर्षं काडीने चुना काढताना तोंडाशी थर बसत जातो, तोंड बारीक बारीक होतं आणि एक दिवस बंदच होतं. मग ते भांडं फेकायचं नाही, फोडायचं नाही. गावच्या वडाखाली नेऊन ठेवायचं. आपण भंगलेली मूर्ती किंवा जुने टाक पारावर ठेवतो ना, तसंच. आजींच्या भांड्याचं तोंड कधीच मिटलं आहे. रोजच्या पानाचा चुना प्लास्टिकच्या डबीतला असतो. पण भांडं वडाखाली गेलेलं नाही. त्याच्या मुठीचा एक टवका उडालेला आहे. थोरल्याने लहानपणी पाडलं होतं.

“मी मारलं होतं त्याला,” आजी म्हणाल्या. “सासूबाई ओरडतील म्हणून.”

सून आतून काहीतरी बोलली, दुभाषी मुलगी हसली. सून म्हणत होती की वीस वर्षं झाली, दर नव्या वर्षाच्या आवरासावरीत मी विचारते, यंदा वडाखाली नेऊ का, आणि दर वर्षी उत्तर ठरलेलं. मला त्या सुनेचंही कौतुक वाटलं. जुनं सामान सांभाळणाऱ्या सासूच्या घरात केर काढणं किती कठीण, हे तुम्हांला सांगायला नको.

दुभाषी मुलीने मग पान-सुपारीची तिकडची गोष्ट सांगितली. तिथल्या मुलामुलींना ती पाठ असते. दोन भाऊ, दिसायला हुबेहूब सारखे. थोरल्याचं लग्न झालं, काहीतरी गैरसमज झाला, धाकटा घर सोडून गेला आणि ओढ्याकाठी बसल्या बसल्या चुनखडीचा दगड झाला. थोरला त्याला शोधायला गेला, दगडाशेजारी बसला, त्याची पोफळ झाली. बायको नवऱ्याला शोधायला गेली, झाडाला टेकली आणि नागवेल होऊन वर चढली. तिघं एकत्र आली की रंग लाल होतो तो म्हणून. आजी ऐकत होत्या. मग म्हणाल्या, त्यांचं बरं, तिघं एका जागी तरी सापडली.

तिकडे उत्तरेत मृताला दोनदा पुरतात. पहिल्यांदा मातीत. तीनेक वर्षांनी पुन्हा उकरून अस्थी काढायच्या, सुगंधी पाण्याने एक एक धुवायच्या, मातीच्या लहान पेटीत नीट लावायच्या आणि कायमच्या जागी ठेवायच्या. तोवर त्या माणसाचं सगळं झालं असं मानत नाहीत. आपल्याकडे अस्थिसंचय दोन-तीन दिवसांत उरकतो, त्यांचा तीन वर्षांनी. “सासूबाईंच्या वेळी पाणी मीच उकळलं,” आजी म्हणाल्या, “नवऱ्याच्या वेळीही मीच. याचंच राहिलंय.” स्वयंपाकघरातलं एखादं काम राहिलं असावं अशा सुरात त्यांनी हे सांगितलं, त्यामुळे मला पटकन काही बोलताच येईना.

आणि श्राद्ध? तारीखच नाही तर करणार कधी? आपल्याकडे तिथी ठाऊक नसली की सर्वपित्री अमावास्या असते, शस्त्राने गेलेल्यांसाठी घातचतुर्दशी असते. तिकडे अशी पुष्कळ घरं मुलगा घरातून निघाला तोच दिवस धरतात. आजींच्या घरीही तोच. शिवाय सातव्या चांद्रमासाच्या पौर्णिमेला ज्यांना कुणी नाही अशा भटक्या आत्म्यांसाठी पातळ पेज करून वडाच्या पानांत वाढून बाहेर ठेवायची पद्धत आहे. आजी त्या दिवशी मोठं पातेलं चढवतात. इकडे येऊन पडलेल्या कुणा दूरच्या पोरांना ती मिळेल, म्हणाल्या, आणि तिकडे क्वांग त्रिची कुणी बाई माझ्याला घालत असेल.

आता नवी गोष्ट. २०२४ सालच्या जुलैत तिकडच्या सार्वजनिक सुरक्षा मंत्रालयाने अशा सगळ्या आयांचे डीएनएचे नमुने गोळा करायची मोहीम सुरू केली. घाई आयांच्या वयाची आहे. बहुतेक नव्वदीच्या घरात. जमिनीत पन्नास वर्षं पडलेल्या हाडातून बाकी काही मिळालं नाही तरी एक प्रकारचा डीएनए मिळण्याची आशा असते, कारण पेशीपेशीत त्याच्या पुष्कळ प्रती असतात. त्याचं नाव मायटोकॉन्ड्रियाचा डीएनए. आणि तो बापाकडून येत नाही, फक्त आईकडून येतो. आईचा तिच्या सगळ्या मुलांत, पण पुढच्या पिढीत जातो तो लेकींच्या मुलांत, लेकांच्या नाही.

आजींच्या घरी आरोग्यखात्याची माणसं घेऊन पोलीस आले तेव्हाची हकीगत सुनेने रंगवून सांगितली. आधी आजींना पान थुंकून चुळा भरायला लावल्या. तीन चुळा भरल्या तरी पाणी लालच! मग गालाच्या आतून कापूस फिरवला, बोटाला टोचून रक्ताचे थेंब कागदावर घेतले. आजी म्हणाल्या, एवढंच? मी वाटीभर द्यायला तयार होते. मग घरातला लाडका नातू, थोरल्याच्या धाकट्या भावाचा मुलगा, बाही वर करून पुढे झाला. घराण्याचा वारस ना! तर त्या माणसांनी त्याला सांगितलं, तुझं नको बाबा, तुझ्यात ते नाही. घरात लेक आहे का? शेजारच्या गावी दिलेली धाकटी लेक, वय बासष्ट, तिला निरोप धाडला. ती शेतातून चिखलाच्या पायांनी आली आणि बोट पुढे केलं. आता आजी गेल्या तरी लेकीत ते राहील, तिच्या मुलींत राहील. पूर्वजांच्या पूजेचा मान मुलाकडे, घराचं नाव मुलाकडे, आणि भावाला ओळखायची खूण मात्र परक्या घरी दिलेल्या लेकीत. आजींना हे शास्त्र कितपत समजलं ठाऊक नाही. त्यांनी तेवढं पक्कं लक्षात ठेवलं होतं: “बापाचं चालत नाही. आईचंच लागतं.”

निघताना त्यांनी माझ्या हातात तीन ओल्या सुपाऱ्या ठेवल्या. सासूला दे, म्हणाल्या. आणि तुझ्या मुलाला सैन्यात नाव द्यावं लागतं का, असं विचारलं. मी म्हटलं, आमच्याकडे सक्ती नाही, ज्याला जायचं तो जातो. त्यांनी ते दुभाषी मुलीकडून दोनदा वदवून घेतलं.

कच्चं फळ विमानातून आणता येत नाही, म्हणून सुपाऱ्या मी हनोईत त्या मुलीच्याच हवाली केल्या. तिच्या आईला अमावास्या-पौर्णिमेला देवघरात पान-सुपारी लागते, ती त्यांनी ठेवली. सासूबाईंना मी नुसता निरोप सांगितला. त्या थोडा वेळ गप्प बसल्या आणि मग त्या आजींच्या मुलाचं नाव काय, असं विचारलं. मी विचारायला हवं होतं असं त्यांना वाटलं असेल, पण नाव मला आजींनी सांगितलं होतं. ते मी त्यांना सांगितलं, इथे लिहीत नाही. घातचतुर्दशीला त्यांनी पाटावर एक वाटी दहीभात जास्तीचा ठेवला.

या २७ जुलैला दुभाषी मुलीचा निरोप आला. ती पाहुणे घेऊन दुओंग लामला गेली होती. आजी बऱ्या आहेत, जरा कमी ऐकू येतं. लेकीच्या मुलीचाही नमुना आता घेतला आहे. क्वांग त्रिमधल्या काही बिननावाच्या थडग्यांतल्या अस्थी तपासायला नेल्या आहेत, त्यांचे निकाल यायचे आहेत. भांडं देवघराखालीच आहे.